विनोदी नाटक आणि स्नेहभोजन एकाच संध्याकाळी: जेवण नेमके कधी वाढावे?

चिटणीस_ओहायो यांचा प्रश्न

नमस्कार. ओहायो राज्यातील एका लहान महाराष्ट्र मंडळाची मी चिटणीस आहे. संक्रांत असो वा गणपती, आमच्याकडे आधी मनोरंजन आणि मग जेवण असा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. त्याचा परिणाम असा की साडेसात वाजले की निम्मे प्रेक्षक रंगमंचाऐवजी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागतात आणि शेवटच्या कलाकारांच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात. यंदा दिवाळीनंतरच्या एका शनिवारी याला फाटा देऊन, येथील अमेरिकन डिनर थिएटरच्या धर्तीवर, लोक मेजाभोवती बसून जेवतील आणि तेथेच बसून विनोदी नाटक पाहतील असा कार्यक्रम करावा, असे कार्यकारिणीत ठरले आहे. आमच्यातील दोन सदस्य तसे प्रयोग पाहून आल्यामुळे भलतेच उत्साहात आहेत.

जागा म्हणजे एका शाळेचे उपाहारगृह असून त्याच्या एका टोकाला कायमचा रंगमंच आहे. दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर आहे आणि मध्ये वर सरकणाऱ्या शटरची मोठी खिडकी आहे. दारावरच्या फलकावर क्षमता २८० लिहिलेली आहे. आमची अपेक्षा मुलांसह १६० लोकांची आहे. तिकीट एकच, जेवण आणि नाटक मिळून.

नाटक म्हणून महाराष्ट्रात गाजलेले एक दोन अंकी विनोदी नाटक निवडले असून त्याचे लेखक हयात आहेत. आमचे दिग्दर्शक ते कापून सव्वा तासाचे करणार आहेत. कलाकार सर्व हौशी आहेत आणि त्यांतील दोघे यापूर्वी कधीच रंगमंचावर उभे राहिलेले नाहीत.

वाद अडला आहे तो जेवणाच्या वेळेवर. एका गटाचे म्हणणे असे की जेवण आधी पूर्ण करावे, दुसऱ्याचे असे की नाटक चालू असतानाच वाढावे, कारण त्यातच या प्रकाराची खरी गंमत आहे, आणि तिसऱ्याचे असे की मध्यंतरात जेवण ठेवावे. ज्यांनी असा कार्यक्रम केला असेल त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा. सभासदांचे काही जावई आणि सुना अमराठी आहेत. त्यांच्यासाठी इंग्रजी उपशीर्षके दाखवण्याचाही विचार आहे, त्याबद्दलही लिहावे.

---

विंगेतला_माणूस यांचे उत्तर

चिटणीसताई, जेवण आधी, आणि पूर्ण. यात मला शंका नाही, पण कारणे सांगतो, म्हणजे कार्यकारिणीत मांडता येतील.

ज्या अमेरिकन प्रकाराचे अनुकरण आपण करीत आहात त्याचा उगम बहुधा व्हर्जिनियातील हॅनोव्हर टॅव्हर्न येथे १९५३ मध्ये सुरू झालेल्या बार्क्सडेल थिएटरमध्ये मानला जातो. पुढे हा प्रकार व्यवसाय म्हणून स्थिरावला तेव्हा जवळपास सगळ्यांनीच एक शिस्त पाळली. मिनेसोटातील चॅनहॅसन येथील संस्था १९६८ पासून चालू आहे. तेथे आधी मेजावर जेवण वाढले जाते, ताटे उचलली जातात, मग नाटक सुरू होते आणि मध्यंतरात गोड पदार्थ व कॉफी येते. मेरीलँडमधील कोलंबिया येथे टोबीज नावाचे थिएटर १९७९ पासून आहे, त्यात नटच वाढपी होतात, परंतु तेसुद्धा वाढून झाल्यावर रंगपटात जाऊन मगच रंगमंचावर येतात. आपले दोन उत्साही सदस्य पाहून आले ते जवळजवळ निश्चितच असे काहीतरी असणार. तोंडात घास असताना नाटक पाहिल्याची त्यांची आठवण त्या मध्यंतरातल्या केकची असावी.

याचे कारण विनोदाच्या स्वभावात आहे. गंभीर नाटकात एखादे वाक्य ऐकू आले नाही तरी प्रसंगाचा भार प्रेक्षकाला पुढे नेतो. विनोदात मात्र शेवटचा शब्द हरवला की मागचे सगळे बांधकाम वाया जाते आणि शेजारच्याला "काय म्हणाला?" असे विचारण्यात पुढचे वाक्यही जाते. आमच्या एका प्रयोगात मेजांवर पापड आणि कुरडया ठेवल्या होत्या. संवाद चालू असताना लोक संकोचाने पापड हातात धरून थांबत, हशा पिकला की सगळे एकदम चावत, आणि नट हशा ओसरायची वाट पाहून पुढचे वाक्य टाकी ते नेमके त्या कुडकुडाटात बुडून जाई. नटाने हशा कानांनी मोजायचा असतो. तो मोजताच येईना, तेव्हा बिचाऱ्याने घाई केली आणि दुसरा अंक दहा मिनिटे लवकर संपला.

मध्यंतरात पूर्ण जेवण ठेवण्याचा पर्याय मी सर्वांत वाईट समजतो. जेवायला किमान पाऊण तास लागतो, गप्पा रंगतात, मुले झोपेला येतात आणि पहिल्या अंकात पेरलेले सगळे गैरसमज प्रेक्षक विसरलेले असतात. गैरसमजांवर उभ्या असलेल्या प्रहसनाला ते परवडत नाही.

आता जागेविषयी. फलकावरील २८० ही संख्या फक्त खुर्च्या मांडल्या तर लागू असते, असा माझा अंदाज आहे. येथील इमारत नियमांत नुसत्या खुर्च्यांसाठी माणशी ७ चौरस फूट आणि मेज-खुर्च्यांसाठी माणशी १५ चौरस फूट धरतात. म्हणजे २८० खुर्च्यांच्या त्याच दालनात मेजे मांडली की १३० च्या आसपास लोक मावतात. १६० तिकिटे विकण्यापूर्वी शाळेकडून मेजांसहची क्षमता लेखी मागवा. शिवाय पाच फुटी गोल मेजाभोवती आठ माणसे बसतात हे लग्नाच्या मेजवानीचे गणित झाले. त्यातील तिघाचौघांची पाठ रंगमंचाकडे येते. नाटकासाठी मेजाची रंगमंचाकडची बाजू मोकळी सोडून पाच किंवा सहाच खुर्च्या मांडाव्या लागतात. त्यामुळे मेजे जास्त लागतात आणि माणसे आणखी कमी होतात.

आवाजाचीही काळजी घ्या. शाळांच्या स्वयंपाकघरात बर्फाचे यंत्र असते आणि ते अधूनमधून बर्फाची खेप खाली पाडते. त्या धडधडाटाने पडलेला पंच, म्हणजे हशा पिकवणारे वाक्य, मी पाहिला आहे. शाळेची परवानगी घेऊन ते तेवढा वेळ बंद ठेवा, शटर खाली ओढा आणि नाटक चालू असताना भांडी घासायला कोणालाही बसवू नका. रंगमंचाच्या कडेला फूट माईक ठेवाल तर पहिल्या मेजांवरचे चमचे संवादांहून मोठे ऐकू येतील. नटांच्या गालाशी बसणारे माईक भाड्याने आणा आणि विंगेत गेलेल्या नटाचा माईक तत्काळ बंद करील असा एक सावध माणूस ध्वनियंत्रावर बसवा.

---

संहिता यांचे उत्तर

जेवणाचा क्रम काहीही ठरो, त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावणे आवश्यक आहे आणि आपल्या लिखाणात त्याचा उल्लेख आढळला नाही. हयात लेखकाचे नाटक आपण त्यांच्या लेखी परवानगीने करीत आहात काय? आणि ते कापून निम्मे करण्याची परवानगी स्वतंत्रपणे घेतली आहे काय?

परदेशातील मंडळांत असा एक समज आहे की आपण हौशी आहोत, नफा कमावत नाही, तेव्हा मानधन देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या समजाचे मूळ भारतीय कायद्यात असावे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने पैसे न मोजणाऱ्या प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. परंतु आपला प्रयोग अमेरिकेत आहे, तेव्हा येथील कायदा लागू होतो, आणि येथील कायद्यात ना-नफा कार्यक्रमांना जी सवलत आहे ती कवितावाचन किंवा गाणे यांसारख्या बिगरनाट्य कृतींपुरतीच आहे. नाटकाला ती मिळत नाही. शिवाय तिकीट जेवणाचे आहे असे कितीही म्हटले तरी प्रेक्षकाने पैसे मोजलेलेच आहेत, त्यामुळे भारतीय सवलतीच्या कसोटीलाही हा प्रयोग उतरत नाही.

लेखक हयात आहेत ही अडचण मानू नये, ती सोय आहे. थेट पत्र लिहून विचारता येते. माझा अनुभव असा की मराठी नाटककार परदेशातील मंडळांशी उदारपणे वागतात, मात्र प्रयोग होऊन गेल्यावर समाजमाध्यमांवरील छायाचित्रांतून त्यांना तो समजला तर साहजिकच दुखावतात. पत्रात प्रयोगाची तारीख, प्रेक्षकसंख्या, तिकिटाची रक्कम, कोणते प्रवेश गाळणार आणि चित्रीकरण करणार की नाही, हे सगळे स्पष्ट लिहावे. इंग्रजी उपशीर्षके म्हणजे भाषांतर. त्याचाही उल्लेख त्याच पत्रात करावा. लेखक निवर्तलेले असतील तर भारतात मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांची नाटके भारतात २०२९ अखेरपर्यंत हक्काधीन आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

परवानगीची दगदग नकोच असेल तर जुन्याकडे वळावे. गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये निवर्तले आणि त्यांचे 'संशयकल्लोळ' आज कोणालाही मुक्तपणे करता येते. मुळात ते मोलिएरच्या एका प्रहसनावरून इंग्रजीमार्गे आलेले असल्यामुळे अमराठी जावयालाही त्यातील नवरा-बायकोचा संशय समजावून सांगावा लागत नाही. पदे गाळली, किंवा मंडळात गाणारे असतील तर दोन-तीनच ठेवली, आणि फाल्गुनराव-कृत्तिका यांचे प्रवेश सलग जोडले तर सव्वा तासाचा प्रयोग सहज होतो. आणि अशा कापाकापीला कोणाची ना नसते. भाषा जुनी आहे ही तक्रार तालमीत पहिल्या आठवड्यात होते, पुढे होत नाही. रामभाऊ गडकऱ्यांची ठकी आणि तिचे लग्न हेही याच कारणासाठी मंडळांना उपयोगी पडते, पण ते लेखन वाचिक आहे; त्याचे वाचन रंगते, नाट्य करायला कसब लागते.

---

मसालेभात यांचे उत्तर

नाटकातले मला फारसे कळत नाही. मंडळाचे स्वयंपाकघर मात्र मी बराच काळ सांभाळते आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते.

जेवण आधी पूर्ण करायचे असेल तर ते पाऊण तासात संपले पाहिजे, आणि सव्वाशे माणसांची एकाच बाजूने चालणारी रांग पाऊण तासात संपत नाही. शेवटच्या मेजावरचा माणूस ताट घेऊन बसतो तोवर पहिल्या मेजावरचा दुसऱ्यांदा रांगेत उभा असतो. मेजे भिंतीपासून ओढून मध्ये आणावीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येते, आणि अशा दोन रांगा कराव्यात. त्याहून चांगला उपाय म्हणजे सरळ पंगतीसारखे वाढणे: मंडळातील कॉलेजची मुले वाढपी म्हणून घ्यावीत, प्रत्येकाला तीन मेजे नेमून द्यावीत आणि भाजी, भात, वरण मोठ्या वाडग्यांतून मेजावरच ठेवावे. लोक बसून राहिले की वेळ हातात राहतो. रांगेत उभा असलेला मराठी माणूस घंटेला जुमानत नाही.

पदार्थ निवडताना चवीइतकाच त्यांच्या टिकण्याचा विचार करावा. पुऱ्या या प्रसंगाला चालत नाहीत. शंभरावी पुरी तळून होते तोवर पहिली चामट झालेली असते, आणि तळणाचा धूर शाळेच्या अग्निसूचक यंत्रापर्यंत गेला तर प्रेक्षकांसह सगळ्यांनाच बाहेर थंडीत उभे राहावे लागते. मसालेभात, मटकीची उसळ, भरली वांगी, टोमॅटोचे सार हे पदार्थ विजेवर चालणाऱ्या मोठ्या रोस्टरमध्ये दोन तास निवांत गरम राहतात. खाली जेल-इंधनाचा डबा पेटवून पदार्थ गरम ठेवणारी भांडी शाळेत चालतात की नाही हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी उघडी ज्योत चालत नाही. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर आणि कोशिंबीर, मठ्ठा, श्रीखंड ४१ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. येथील आरोग्य खात्याचा निरीक्षक पहिल्यांदा थर्मामीटर बाहेर काढतो, म्हणून आपलाही एक असू द्यावा. तिकीट लावून घरचे जेवण वाढायचे असेल तर तात्पुरता परवाना लागतो का, याची चौकशी आपल्या परगण्याच्या आरोग्य खात्यात करा. आमच्याकडे याच कारणाने आम्ही भात आणि भाज्या परवाना असलेल्या केटररकडून घेतो आणि घरचे फक्त विकतच्या पाकिटांतले लाडू-चिवडे मांडतो, म्हणजे घरचे काहीच नाही.

अमराठी पाहुण्यांसाठी पदार्थांपुढे कागद लावाल तेव्हा नुसते नाव लिहून भागत नाही. आपल्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट असते आणि गोड्या मसाल्यात तीळ असतात, हे खाणाऱ्याला दिसत नाही. तीळ हा येथील कायद्याने २०२३ पासून प्रमुख अॅलर्जीकारक पदार्थांत धरला आहे. दाणे, तीळ, काजू, दूध आणि गहू यांची नोंद ठळक करावी.

पापड-कुरडयांबद्दल वर लिहिले आहे ते शंभर टक्के खरे आहे. ते जेवणाबरोबरच संपू द्यावेत. मध्यंतरात द्यायचेच असेल तर मऊ द्यावे: गुलाबजाम, खरवस, श्रीखंडाची छोटी वाटी, आणि चहा कागदी पेल्यांतून. चमचे लाकडी किंवा प्लास्टिकचे असावेत. स्टीलचा चमचा फरशीवर पडला की पूर्ण सभागृह वळून पाहते.

---

चिटणीस_ओहायो यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. शाळेकडे विचारणा केली. मेजांसह क्षमता १३० आहे आणि ती वेगळ्या कागदावर लिहिलेली आहे, जो कोणी आम्हाला आजवर दाखवला नव्हता. आता तिकिटे १०५ वर थांबवावीत आणि लहान मुलांसाठी शेजारच्या संगीतवर्गात पिझ्झा व खेळांची सोय करावी, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. लेखकांना पत्र पाठवले आहे. उत्तर आले नाही तर देवलांकडे वळू.

जेवण आधी करण्याबाबत मात्र आमच्या दुसऱ्या गटाचा आक्षेप कायम आहे. मग त्यात आणि नेहमीच्या कार्यक्रमात फरक काय राहिला, असे ते विचारतात. जेवणाचा पाऊण तास नुसताच जेवणाचा राहिला तर लोकांना ती नेहमीची पंगतच वाटेल, हे मलाही पटते.

---

बतावणी यांचे उत्तर

दुसऱ्या गटाच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि विंगेतला_माणूस यांनी ते जरा लवकर निकालात काढले, असे मला वाटते. त्यांनी जो नियम सांगितला तो चौकटीच्या रंगमंचावरील, संहितेत घट्ट बांधलेल्या विनोदाला लागू आहे. विनोदाचा दुसराही एक वंश आपल्याकडे आहे, आणि तो शांततेवर जगत नाही.

तमाशात गण आणि गवळणीनंतर बतावणी येते, मग वग. बतावणीतला सोंगाड्या समोरच्या गोंगाटालाच सामग्री करतो. कोणी उशिरा आला तर त्याचे स्वागत करतो, कोणी उठून चालला तर त्याला हाक मारतो. गोव्याच्या तियात्रात, म्हणजे तेथील कोंकणी लोकनाट्यात, दोन अंकांच्या मधल्या वेळात पडद्यापुढे येऊन कांतारां, म्हणजे गाणी, म्हणतात. त्यांचा मूळ कथेशी संबंध नसतो, गावातल्या आणि राजकारणातल्या गोष्टींवर त्यांत टोले असतात, आणि मागे नेपथ्य बदलेपर्यंत प्रेक्षक धरून ठेवण्याचे काम ती करतात. वाढप चालू असतानाचा पाऊण तास हा नेमका असाच वेळ आहे. तेव्हा त्या वेळात नाटक नको, पण नाट्य असू द्यावे.

आम्ही टोरंटोजवळच्या एका मंडळात असे केले की नाटकात काम न करणारे दोघे, एक स्वतःला मंडळाचा जन्मजात विरोधक समजणारा आणि एक कंत्राटी आचारी, वाढप्यांच्या मधून मेजामेजावर हिंडत भांडत राहिले. पहिला प्रत्येक मेजावर जाऊन गेल्या वर्षीचा हिशेब मागत असे, आणि दुसरा त्याच्या ताटात भात वाढून त्याचे तोंड बंद करू पाही. वाक्ये लिहिलेली फारशी नव्हती. ठरलेले होते ते एवढेच की कोणत्या मेजाशी कोणता विषय काढायचा आणि कोणाची थट्टा अजिबात करायची नाही. ही दुसरी यादी जास्त महत्त्वाची. ज्यांच्या घरी त्या वर्षी दुःखद घटना घडली होती, ज्यांची नोकरी गेली होती, ज्यांचे मंडळाशी खरोखर वाजले होते, ती सर्व मेजे वगळली. एका मेजावर विनोद ऐकू आला नाही तर काही बिघडत नाही, कारण तो त्या मेजासाठी नव्हताच, आणि पुढच्या मेजावरचे लोक आपली पाळी कधी येते याची वाट पाहत भरभर जेवतात. वेळेत जेवण संपवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

अशा कामासाठी नट निवडताना पाठांतराचा विचार करू नये. ज्याला समोरच्याने उलट टोला दिला तर तो आनंदाने घेता येतो असा माणूस हवा. मंडळात असा एक तरी असतोच आणि बहुधा त्याला नाटकात भूमिका मिळालेली नसते.

मग घंटा. पहिल्या घंटेला वाढणे थांबवावे, दुसरीला ताटे उचलावीत आणि ते दोघे भांडत भांडत शटरमागे जाऊन शटर आतून खाली ओढतील, तिसरीला दिवे. त्यानंतर आपले सव्वा तासाचे नाटक विंगेतला_माणूस सांगतात तसे पूर्ण शांततेत व्हावे. मध्यंतर घ्यायचेच असेल तर गुलाबजाम खाण्यापुरते.

उपशीर्षके कशी दाखवावीत याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. विनोदी नाटकात त्यांचा घात असा होतो की वाचणारा नटाच्या आधी हसतो. अमराठी जावई हसला की बायको त्याच्याकडे पाहते आणि नटाचे वाक्य ऐकायचे तिचे राहून जाते. म्हणून पंचाचे शेवटचे वाक्य नेहमी स्वतंत्र पाटीवर, म्हणजे पडद्यावरच्या वेगळ्या स्लाइडवर, ठेवावे आणि नटाने ते उच्चारल्यावरच दाखवावे. मधल्या मूकाभिनयासाठी कोऱ्या पाट्या घालाव्यात. सगळे संवाद भाषांतरित करू नयेत, तीन वाक्यांचा आशय एका ओळीत द्यावा. पाट्या बदलणारा माणूस पहिल्या तालमीपासून रोज हजर असला पाहिजे, कारण नट कुठे थांबतो हे संहितेवरून कळत नाही. हौशी नट दोन पाने गाळून पुढे गेला तर पाट्यांना क्रमांक असलेले बरे, म्हणजे योग्य जागी उडी मारता येते.

---

विंगेतला_माणूस यांचे उत्तर

बतावणी यांची सूचना मला मान्य आहे. मी नाटकाबद्दल बोलत होतो आणि ते वाढपाबद्दल बोलत आहेत, तेव्हा आमच्यात खरा वाद नाही. फक्त एक भर घालतो. मेजांमधून हिंडणाऱ्या त्या दोघांना माईक देऊ नका. माईक दिला की प्रत्येक मेजावरचे खासगी बोलणे सबंध दालनाचे होते, आणि मग मेजवानीचे भाषण सुरू झाले असे समजून लोक जेवायचे थांबतात.

नव्या दोन नटांविषयी: त्यांना रंगीत तालीम रिकाम्या दालनात देऊ नका. पंधरा-वीस माणसे बोलावून त्यांना मेजांभोवती बसवा, खायला द्या आणि मोकळेपणाने हसू द्या. हशा आला की थांबायचे आणि तो पुरता संपण्याच्या थोडे आधी पुढचे वाक्य उचलायचे, हे प्रेक्षकांशिवाय शिकवता येत नाही. दालनात मेजे असली की हशा पुढून मागे सरकत जातो, खुर्च्यांच्या ओळींसारखा एकदम उठत नाही, त्यामुळे थांबा किंचित लांब लागतो.

---

मसालेभात यांचे उत्तर

नट कधी जेवणार हे कोणीच ठरवलेले दिसत नाही. पोटभर जेवून प्रहसनात धावपळ होत नाही आणि उपाशी पोटी सव्वा तास आवाज टिकत नाही. पाच वाजता त्यांना दहीभात किंवा उपमा द्यावा, आणि वाढप सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाच्या नावाचा डबा भरून, झाकण लावून, शीतकपाटात वरच्या खणात ठेवावा. नंतर काढून ठेवू असे म्हटले की भरली वांगी उरत नाहीत.